अंथरूण कोण काढतं?

शांताल आकरमन यांच्या 'जान दीलमान, २३ के द्यु कोमेर्स, १०८० ब्रसेल्स' या सिनेमाबद्दल कुणीही बोलायला लागलं की सुरुवात बटाट्यांपासून होते. बाई स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलते, कॅमेरा हलत नाही, आपण बघत राहतो. सिनेमा २०१ मिनिटांचा आहे आणि त्यात 'काहीच घडत नाही', हे तो न पाहिलेली माणसंही खात्रीने सांगतात. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम सिनेमासाठी समीक्षकांची मतं घेतं. या यादीत १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' पहिला होता, २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आला आणि २०२२ मध्ये १६०० हून जास्त लोकांच्या मतांतून 'जान दीलमान' वर आला. बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा तिथे पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर बटाट्यांची चर्चा आणखी वाढली.

बटाट्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या सिनेमाचं खरं घड्याळ आतल्या खोलीत, पलंगावर आहे. अंथरूण घालणं, काढणं, झटकणं, खोलीची हवा बदलणं ही कामं या सिनेमात कशी येतात आणि कुठे येणं थांबतात, ते नीट पाहिलं तर सिनेमाचा शेवटही वेगळा दिसायला लागतो. शेवट सांगितल्याशिवाय हे मांडता येणार नाही. ज्यांना आधी सिनेमाच पाहायचा आहे, त्यांनी इथे थांबावं आणि नंतर परत यावं.

एक टॉवेल, एक खिडकी

जान विधवा आहे. ब्रसेल्समधल्या एका इमारतीत ती आणि तिचा शाळकरी मुलगा सिल्वाँ राहतात. झोपायची एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मधला पॅसेज आणि जेवायला-बसायला मिळून एक खोली. दुपारी बेल वाजते, एक पुरुष येतो. जान त्याचा कोट आणि टोपी घेते, दोघं पॅसेजमधून आतल्या खोलीत जातात, दार बंद होतं. कॅमेरा पॅसेजमध्येच राहतो. उजेड बदलतो, म्हणजे वेळ गेला. दार उघडतं, पुरुष पैसे देतो, पुढच्या आठवड्याचं ठरतं, तो जातो. पैसे टेबलावरच्या सूपच्या भांड्यात पडतात आणि झाकण बसतं.

पहिल्या दिवशी यानंतर जे होतं, ते आकरमन पूर्ण दाखवतात. जान खोलीत जाऊन खिडकी उघडते. पलंगपोसावर टाकलेला टॉवेल उचलते. पलंगपोस हाताने सारखा करते. टॉवेल धुण्याच्या टोपलीत जातो. मग ती आंघोळ करते, अंग घासते आणि तितक्याच मन लावून टब घासते. कपडे करून परत खोलीत येते, खिडकी लावते, दिवा घालवते. मुलगा घरी येईपर्यंत दुपारचं काहीही उरलेलं नसतं. वाससुद्धा नाही.

मी सोलापूरची. आमच्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे टॉवेलकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. त्या टॉवेलचं काम काय आहे, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. तान्ह्या बाळाखाली दुपटं, आजारी माणसाखाली मेणकापड, तेल लावून झोपणाऱ्याच्या डोक्याखाली जुना टॉवेल. जे धुवायला सोपं ते वर घालायचं, म्हणजे धुवायला अवघड ते वाचतं. पुरुष वेश्येकडे जातो, ही गोष्ट सिनेमाने हजार वेळा दाखवली आहे. त्याच्याखाली टॉवेल घालायचा विचार आधी कुणीतरी केलेला असतो आणि तो नंतर कुणालातरी धुवावा लागतो, हे मी तरी या सिनेमातच पहिल्यांदा पाहिलं.

म्हणजे पहिल्या दिवशी आकरमन संभोग दाखवत नाहीत, त्यानंतरची आवराआवर दाखवतात. हा निव्वळ संकोच नाही. कुठल्या कामाला 'दृश्य' म्हणायचं, याचा तो निर्णय आहे. दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने दार बंद झाल्यावर कॅमेरा आत नेला असता आणि टॉवेलच्या वेळी पुढच्या प्रसंगाकडे वळवला असता.

दुसरा बिछाना

या घरात आणखी एक बिछाना आहे, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. सिल्वाँला स्वतःची खोली नाही. बसायच्या खोलीतला सोफा रोज रात्री उघडतो, त्यावर अंथरूण पडतं आणि सकाळी ते पुन्हा गायब होतं. एका रात्री त्या अंथरुणावरून मुलगा आईला म्हणतो, की तो बाई असता तर ज्याच्यावर प्रेम नाही अशा माणसाबरोबर झोपू शकला नसता. ती म्हणते, तुला कसं कळणार, तू बाई नाहीस. आणि दिवा घालवू का विचारते. हे बोलणं चाललेलं असताना भिंतीपलीकडे दुसरा पलंग आहे, सारखा केलेला, हवा बदललेला. त्याचा बोलण्यात उल्लेखही येत नाही.

आकरमन यांना पलंगाचं वेड आधीपासून होतं. 'ला शांब्र' (१९७२) या जेमतेम अकरा मिनिटांच्या सिनेमात कॅमेरा एका खोलीत गोल फिरत राहतो आणि दर फेरीला पलंगावर स्वतः आकरमन दिसतात. 'झ तु इल एल' (१९७४) मधली मुलगी खोलीतलं सामान बाहेर काढते, गादी इथून तिथे सरकवत राहते आणि त्याच गादीवर बसून कागदाच्या पिशवीतली साखर खाते. ही दोन्ही अंथरुणं एकट्या मुलीची आहेत. ती काढली नाहीत तरी कुणाचं अडत नाही. १९७५ मध्ये 'जान दीलमान' कानमध्ये दाखवला गेला, तेव्हा आकरमन २४ वर्षांच्या होत्या आणि या वेळी त्यांनी अंथरूण काढणारी बाई निवडली. स्वतःच्या आईच्या, मावशी-आत्यांच्या लहानपणी पाहिलेल्या हालचालींतून हा सिनेमा आला, असं त्या सांगत.

सवय की आजार?

जानबद्दल इंटरनेटवर वाचायला गेलात तर थोड्याच वेळात 'ओसीडी' हा शब्द भेटतो. ती प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवते, प्रत्येक भांडं ठरलेल्या जागी ठेवते, म्हणजे तिला काहीतरी झालंय. याहून गंभीर वाचन खुद्द आकरमन यांचं आहे. दिवसात रिकामी फट राहिली की तिच्यातून अस्वस्थता आत येईल, म्हणून ही बाई दिवस गच्च भरून ठेवते, असं त्यांनी सांगितलं आहे. हे मला पटतं. फक्त त्याने अर्धाच प्रश्न सुटतो. दिवस भरायलाच हवा असेल, तर तो याच कामांनी का?

उत्तर घराच्या नकाशात आहे. जानच्या घरात खोल्या कमी आणि त्यांना करायची कामं जास्त आहेत. जेवायची खोली रात्री मुलाची झोपायची खोली होते. झोपायची खोली दुपारी धंद्याची जागा होते आणि रात्री पुन्हा तिची. भिंती हलत नाहीत, त्यामुळे खोलीचं रूप बदलण्याचं काम अंथरूण करतं.

दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत रात्री चार गाद्या पडायच्या. सकाळी सहाच्या आत त्या घडी होऊन दिवाणाच्या आत जायच्या, कारण साडेसहाला दूधवाला, सातला पेपर आणि त्यानंतर कुणीही येऊ शकायचं. अंथरूण काढेपर्यंत ती खोली 'हॉल' नव्हती. कुणी लवकर आलं तर आई दारातच त्यांना बोलण्यात गुंतवायची आणि मागे आम्ही उशा लपवायचो. माझ्या आईला ओसीडी होता, असं कुणी म्हटलं तर मला हसू येईल. तिच्याकडे खोली कमी होती, एवढंच.

आमच्या धंद्यात याला 'स्टेट' म्हणतात. एखादी प्रणाली एका क्षणी कुठल्या स्थितीत आहे, ते. एका कामासाठी स्थिती बदलली, तर पुढचं काम सुरू होण्याआधी ती मूळ जागी आणावी लागते. आणली नाही, तर पुढच्या कामात बिघाड होतो, आणि वाईट हे की तो मूळ चुकीच्या जागी दिसत नाही, भलतीकडेच दिसतो. 'जान दीलमान'चा दुसरा दिवस नेमका असा आहे. दुपारचा पुरुष जातो आणि बटाटे जास्त शिजलेले निघतात. केस विस्कटलेले राहतात. सूपच्या भांड्याचं झाकण उघडंच राहतं. बंद दारामागे काय झालं ते आपल्याला दिसलेलं नाही. बिघाड मात्र घरभर, एकामागून एक उगवत जातो. इंजिनिअर म्हणून मी हा तास-दीड तास श्वास रोखून पाहिला. 'काहीच घडत नाही' म्हणणाऱ्यांनी कधी मध्यरात्री लॉग वाचलेले नसावेत.

ऊन आणि वारा

अंथरुणाला हवा दाखवण्यामागे साधं विज्ञान आहे. झोपेत शरीरातून रात्रभर ओलावा निघतो आणि गादी-पांघरुणात मुरतो. धुळीतले सूक्ष्म कोळी हवेतल्या ओलाव्यावर जगतात. २००५ मध्ये लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं होतं, की सकाळी उठल्याबरोबर पलंग नीटनेटका झाकण्यापेक्षा उघडा ठेवला तर हे कोळी कोरडे पडून मरू शकतात. त्यावर आळशी लोकांनी भरपूर आनंद व्यक्त केला. पण या बातमीतली खरी गंमत वेगळी आहे. पलंग 'दिसायला' नीट असणं आणि पलंग 'असायला' नीट असणं ही दोन कामं आहेत, आणि ती एकमेकांच्या आड येतात. हवा द्यायची तर काही वेळ पसारा दिसू द्यावा लागतो. म्हणून युरोपात सकाळी खिडक्या उघडायच्या आणि पांघरुणं खिडकीत टाकायची पद्धत पडली.

आपल्याकडे हे काम उन्हाचं. पावसाळ्यात कुबट झालेल्या गाद्या उघडीप मिळाली की गच्चीत जातात. दुपारी एकदा उलटायच्या, ऊन उतरायच्या आत काढायच्या, नाहीतर रात्री झोपताना तापलेल्या तव्यावर झोपल्यासारखं होतं. कापूस गोळे धरायला लागला की पिंजारी. त्याच्या पिंजणाचा टणत्कार गल्लीत ऐकू यायचा, तो मी लहानपणी ऐकला आहे. आता यंत्रावर कापूस पिंजून मिळतो किंवा फोमची गादी येते, जिला ऊन चालत नाही.

मराठीत अंथरुणावरून केवढी भाषा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, अंथरूण धरलं, अंथरुणाला खिळला. या सगळ्या म्हणी-वाक्प्रचारांत अंथरुणावर कुणीतरी आडवं आहे. अंथरूण घालणाऱ्या आणि काढणाऱ्या माणसाच्या बाजूने तयार झालेली म्हण मी ऐकलेली नाही. भाषेने पलंगाकडे नेहमी झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं. आकरमन यांनी कॅमेरा उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने लावला, म्हणून हा सिनेमा मला महत्त्वाचा वाटतो.

वास न येणारं घर

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजीला अर्धांगवायू झाला. त्यानंतर ती दोन वर्षं अंथरुणावर होती. अंथरुणात माणूस असताना चादर बदलण्याची एक पद्धत आहे. माणसाला एका कुशीवर वळवायचं. मळलेली चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची. रिकाम्या झालेल्या अर्ध्या गादीवर धुतलेली चादर अंथरायची आणि तिची उरलेली गुंडाळीही पाठीला लावायची. मग माणसाला दोन्ही गुंडाळ्यांवरून अलीकडे घ्यायचं, मळलेली ओढून काढायची, धुतलेली पसरायची, सुरकुत्या काढायच्या. सुरकुती राहिली तर ती रुततं आणि कातडी सोलवटते. शिवाय दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. आई हे दोन वर्षं करत होती. मी घरी असले की दुसऱ्या बाजूला उभी राहायची.

भेटायला येणारे म्हणायचे, "वैनी, घरात आजारी माणूस आहे असं वाटतच नाही बघा." आई चहा टाकायला उठायची.

ते वाक्य कौतुकाचं होतं, आणि आईला ते आवडायचं. पण त्या कौतुकाची रचना पाहा. दोन वर्षांच्या कामाचं फळ काय, तर आजीच्या पाठीवर एकही जखम नाही आणि खोलीला वास नाही. दोन्ही 'नाही'. जे नसतं ते दाखवता येत नाही, मोजता येत नाही. सर्व्हर बंद पडला की अख्खं ऑफिस आमच्या टेबलाभोवती जमतं. वर्षभर बंद पडला नाही तर 'तुमची टीम नक्की करते काय' असा प्रश्न येतो. फरक इतकाच की आम्हाला त्या वर्षाचा पगार मिळतो.

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामांत घालवताना दिसल्या, पुरुष ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे हा सिनेमा एकदा पूर्ण आणि वर जवळजवळ अर्धा. रोज. हा आकडा वाचून काही वाटत नाही, कारण आकडा एका सेकंदात वाचून होतो. म्हणून हा सिनेमा फोनवर दीडपट वेगाने पाहू नका, असं मी मित्रमैत्रिणींना सांगते. दीडपट वेगाने माहिती सगळी कळेल. टॉवेल उचलला, टब घासला, सोफा उघडला. या कामांना जो वेळ लागला, तो मात्र कळणार नाही, आणि या सिनेमाला तेवढंच सांगायचं आहे.

जे या सिनेमात नाही

एवढं मानूनही या सिनेमाकडे पाहताना दोन गोष्टी मला खटकत राहतात.

पहिली म्हणजे देल्फिन सेरिग यांचं शरीर. 'लास्ट इयर ॲट मरियनबाद'सारख्या सिनेमाची ही अभिनेत्री. भांडी घासताना आपण तिला कल्पनेतही पाहत नाही, म्हणूनच ती घासताना दिसली की आपण बघतो, असा आकरमन यांचा हिशोब होता आणि तो बरोबर होता. पण त्याची किंमतही आहे. जानची कंबर कधी दुखत नाही. गादी उचलताना तिच्या तोंडून आवाज निघत नाही. बाबेत मांगोल्त यांच्या कॅमेऱ्याने प्रत्येक चौकट इतकी सरळ, इतकी संतुलित लावली आहे, की घरकामाला एक प्रकारची प्रार्थनेची शांतता येते. आमच्या घरच्या कापसाच्या गाद्या उचलताना अशी शांतता नसायची. धूळ, शिंका, "अरे पाय काढ तुझा" आणि कमरेवर हात ठेवून एक मिनिट उभी राहिलेली आई. आकरमन यांनी कामाचा वेळ दाखवला, वजन दाखवलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे. जान स्वतःच्या घराचं अंथरूण स्वतः काढते. आपल्याकडे मध्यमवर्गाची पायरी चढली की पहिलं हेच काम दुसऱ्या बाईकडे जातं. पुण्यात मी ज्या सोसायटीत राहते, तिथे अनेक घरांत मावशी येऊन पलंग आवरतात, चादरी बदलतात, अभ्रे धुवायला टाकतात. रात्रीच्या अंथरुणाचं जे काही असेल, ते पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागतं. आणि ज्या पलंगाची चादर त्या बदलतात, त्याच्या कडेला त्या टेकत नाहीत. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नसतं, सांगावं लागत नाही. फारच दमल्या तर फरशीवर बसतात. 'जान दीलमान'च्या चौकटीत एकच बाई आहे, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. मराठीत असा सिनेमा कुणी केला तर पलंगाशी दोन बायका असतील, एक बसू शकणारी आणि एक उभी, आणि कॅमेरा कुणाच्या उंचीवर लावायचा हे दिग्दर्शकाला ठरवावं लागेल.

या विषयावर कलेने दुसऱ्या टोकानेही प्रयत्न केला आहे. ट्रेसी एमिन यांचा 'माय बेड' (१९९८) म्हणजे त्यांचा स्वतःचा, नैराश्याच्या दिवसांतला न आवरलेला पलंग. डागाळलेल्या चादरी, व्होडकाच्या बाटल्या, सिगारेटची थोटकं, वापरलेले कंडोम. १९९९ मध्ये टर्नर पुरस्काराच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा मोठा गहजब झाला आणि २०१४ मध्ये लिलावात त्याला २५ लाख पौंडांहून जास्त किंमत मिळाली. न आवरलेला पलंग दिसतो आणि विकला जातो. आवरलेला पलंग कुणाला दिसत नाही. गंमत म्हणजे तो पसाराही प्रत्येक प्रदर्शनात नव्याने, नीट मांडावा लागतो. न्यूयॉर्कच्या मियर्ल लेडरमन युकेलिस यांनी आई झाल्यावर, १९६९ मध्ये, एक जाहीरनामा लिहून नवं घडवण्याचं काम आणि घडलेलं टिकवण्याचं काम असे दोन भाग केले होते आणि दुसऱ्यालाही कला म्हणा, असा आग्रह धरला होता. १९७३ मध्ये त्यांनी हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या धुतल्या, तीच त्यांची कलाकृती. आकरमन यांनी हा जाहीरनामा वाचला होता की नाही, याने फरक पडत नाही. काळ तोच होता. १९७५ मध्येच सिल्विया फेडेरिची यांची घरकामाच्या वेतनावरची पुस्तिका आली. एमिन यांनी काम थांबवून ते दाखवलं, युकेलिस यांनी त्याला नाव दिलं. ते काम सुरू असताना, त्याच्याच वेगाने दाखवणं हे आकरमन यांचं.

तिसरा दिवस

आता शेवट. तिसऱ्या दिवशी जान लवकर उठते आणि तिच्या हातात एक रिकामा तास येतो. पोस्ट उघडलेलं नाही, कॉफी बिघडते, कॅफेतल्या तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच बाई बसली आहे. दुपारी कॅनडातल्या बहिणीचं पार्सल उघडायला ती कात्री घेऊन आतल्या खोलीत जाते. बेल वाजते. कात्री तिथेच राहते.

तीन दिवसांत वस्तू जागच्या जागी ठेवणारी ही बाई एक वस्तू परत ठेवायची विसरते आणि शेवट त्या वस्तूने होतो. या वेळी कॅमेरा पहिल्यांदा दाराच्या आत जातो. पलंगावर पुरुष आणि खाली जान. तिच्या चेहऱ्यावर तिला नको असलेलं काहीतरी उमटतं. नंतर ती उठते, आरशासमोर कपडे घालते, कात्री उचलते आणि पलंगावर पडलेल्या पुरुषाच्या गळ्यात खुपसते.

या खुनाचा अर्थ लावण्यात पन्नास वर्षं गेली आहेत. बंड, वेड, शरीराने केलेला दगा, सगळे अर्थ सुचवले गेले. मला एक साधी अदलाबदल दिसते. पहिल्या दिवशी सिनेमाने पलंगावर काय झालं ते लपवलं आणि त्यानंतरचं आवरणं दाखवलं. तिसऱ्या दिवशी तो पलंगावर काय झालं ते दाखवतो, आणि त्यानंतरचं आवरणं होतच नाही. टॉवेल उचलला जात नाही, खिडकी उघडत नाही, टब घासला जात नाही. ज्या क्षणी पलंग प्रेक्षकांसाठी 'दृश्य' बनतो, त्या क्षणी तो आवरणाऱ्या बाईच्या हातून सुटतो. तीन तास आपण वाट पाहत असतो की काहीतरी 'घडावं'. ते घडतं आणि मग लक्षात येतं की आतापर्यंत जे घडत होतं, ते थांबलं आहे.

शेवटची काही मिनिटं जान जेवायच्या टेबलाशी अंधारात बसून आहे. बाहेरच्या निऑनचा निळसर उजेड भिंतीवर हलतो. ब्लाउजवर आणि हाताला रक्त आहे, ते ती धूत नाही. या शॉटबद्दल बरंच सुंदर लिहिलं गेलं आहे. बहुतेकांना तिच्या चेहऱ्यावर हलकी सुटका दिसते, आणि ती आहेही. पण तो शॉट पाहताना माझं डोकं घरातल्या माणसासारखं चालायला लागलं. आतल्या पलंगाचं आता कुणीतरी दुसरं काहीतरी करेल. पोलिस येतील, चादर पुरावा म्हणून जाईल, खोलीला कुलूप लागेल.

ती बसली आहे ती खोली मात्र अजून जेवायचीच आहे. संध्याकाळ झाली आहे, सिल्वाँ थोड्याच वेळात घरी येईल, आणि त्याचा सोफा अजून उघडायचा आहे.